उभ्या मोटारीची बॅटरी कोण पिते?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कुणी पदार्थ सांगते, कुणी प्रवासाची हकीकत सांगते, कुणी मुलांच्या संगोपनावर बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला विचारले, "तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "मोटारीच्या बॅटरीवर." त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "बोला, पण आम्हाला समजेल असे बोला." ते मला अवघड नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मला स्वतःला जेवढे समजले, तेवढेच मी सांगू शकते. आणि बॅटरीच्या निमित्ताने माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगणार आहे. खरे म्हणजे त्या चुकीसाठीच मी आज बोलायला उभी राहिले.

आमच्याकडे एक लहान मोटार आहे. जुनीच घेतलेली. घेतली ती सासूबाईंसाठी. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. आता त्या घरात वॉकर धरून चालतात, पण दवाखान्यात जायचे म्हणजे चाकाची खुर्ची लागते. दर आठवड्याला त्यांना व्यायामासाठी न्यावे लागते. एरवी मोटार दारात उभीच असते. हे दुकानात सायकलवर जातात, आणि मला तर मोटार चालवता येत नाही.

फाल्गुनात एका सकाळी ह्यांनी किल्ली फिरवली, सेल्फ मारला, तर नुसते टक्-टक् वाजले आणि दिवे मंद होऊन गेले. गल्लीतल्या मुलांनी धक्का मारला तेव्हा मोटार सुरू झाली. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुकानातून माणूस आला, म्हणाला, बॅटरी जुनी झाली. जुनी झालीच होती, चार वर्षे होऊन गेली होती. चार हजारांहून जास्त मोजून नवी बसवली. आता निश्चिंत झालो असे वाटले. नऊ-दहा दिवस गेले आणि नवी बॅटरीही उतरली.

मग मोटार मिस्त्रीकडे नेली. त्याने डायनामो तपासला. मोटार चालू असताना मीटर चौदा व्होल्ट दाखवत होता, म्हणजे बॅटरी भरली जात होती. एक रात्र मोटार त्याच्याकडेच ठेवली, सकाळी ती पहिल्या सेल्फला सुरू झाली. तो म्हणाला, "मोटारीत काही दोष नाही. घरात कुणी दिवा किंवा रेडिओ चालू ठेवत असेल." दुसऱ्यांदा नेली, तेव्हाही हेच उत्तर. त्याच्याकडे मोटार शहाणी आणि आमच्या दारात वेडी!

सासूबाई एरवी फारसे बोलत नाहीत. त्या ओट्यावर बसून आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "माय वं, रातले कोनी येस आनि इनं रगत पी जास का काय?" आम्ही सगळे हसलो. पण त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. रात्री कुणीतरी पीत होतेच. कोण, एवढेच ठरायचे होते. आणि ते ठरवण्यात आम्ही घाई केली.

मिस्त्रीचे 'घरात कुणी' हे शब्द मनात बसले होते. घरात आम्ही तिघेच. मुलगा पुण्याला असतो. मग चौथे कोण? तर गल्लीतला एक मुलगा रोज पहाटे चार-पाच घरच्या मोटारी पुसतो आणि मग कॉलेजला जातो. आतून झाडायची म्हणून त्याच्याकडे किल्ली असायची. मोटार पुसताना तो एकदा रेडिओवर गाणी ऐकत होता, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. तेवढ्यावरून आमच्या मनाने निकाल दिला.

आणि मग आखाजी आली. खानदेशात आखाजी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. सासरी गेलेली लेक त्या दिवशी माहेरची वाट बघते. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, पण माहेर ते माहेर. त्यांचे माहेर धुळ्याकडचे, आणि तिथे त्यांचे थोरले भाऊ आहेत. आजारपणानंतर त्या माहेरी गेल्याच नव्हत्या. या आखाजीला न्यायचेच असे ठरले. जळगावाहून एरंडोल, पारोळा करत धुळे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर पडते. ऊन व्हायच्या आत पोचावे म्हणून पहाटे निघायचे होते. सासूबाई चारलाच उठल्या, नवे लुगडे नेसल्या, भावासाठी केलेल्या बिबड्यांचा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर येऊन बसल्या.

ह्यांनी सेल्फ मारला. टक्-टक्-टक्.

त्याच वेळी तो मुलगा बादली घेऊन आला. ह्यांचा राग अनावर झाला, आणि मी आवरायचे सोडून त्यात भर घातली. शेजारपाजारच्या चार माणसांदेखत त्याला नको ते बोललो. त्याच्याकडून किल्ली मागून घेतली. तो एवढेच म्हणाला, "काकू, मी त्या दिवसानंतर रेडिओला हात लावला नाही." बादली उचलून तो निघून गेला, तो पुन्हा आमच्या दारात आला नाही. सासूबाई दुपारपर्यंत लुगडे न बदलता तशाच बसून होत्या.

आमच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्यभर विजेचे काम केले, आता निवृत्त आहेत. दोन दिवसांनी ते सासूबाईंची विचारपूस करायला आले. मी त्यांना सगळी कर्मकथा सांगितली. ते म्हणाले, "सूनबाई, तुमच्या घरी पाण्याचा रांजण आहे ना? तो सकाळी रिकामा दिसला तर तुम्ही काय समजाल?"

मी म्हटले, "एक तर भरायचाच राहिला असेल. नाही तर तो पाझरत असेल. नाही तर तोटी नीट बंद झाली नसेल."

काका म्हणाले, "झाले तर! बॅटरीचेही हेच तीन रोग. चौथा नाही."

भगिनींनो, हे मला तिथल्या तिथे समजले. आपल्याकडे नळ रोज येत नाही. पाणी कुठे जाते याचा शोध आपण बायका जन्मभर घेत आलो आहोत. तेव्हा हे तीन रोग मी तुम्हाला जरा उलगडून सांगते.

पहिला रोग, रांजण भरलाच जात नाही. मोटार चालू असताना इंजिनावरचा डायनामो बॅटरी भरतो. तो बिघडला किंवा त्याचा पट्टा सैल झाला तर बॅटरी भरत नाही. मीटर लावून पाहावे. इंजिन चालू असताना साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसले की भरणे ठीक आहे. डायनामो चांगला असूनही रांजण अर्धा राहतो, तो असा की, मोटार रोज फक्त कोपऱ्यापर्यंत नेऊन आणायची. सेल्फ मारताना लहान मोटारीलाही शंभर अँपियरच्या वर ओढ लागते. ती भरून निघायच्या आतच आपण इंजिन बंद करतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी मोटार अर्धा तास सलग फिरवावी.

दुसरा रोग, रांजणच पाझरतो. बॅटरीत शिशाच्या जाळ्या असतात आणि पातळ केलेले गंधकाचे आम्ल असते. ही रचना प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने 1859 मध्ये केली. एवढ्या वर्षांत तिच्यात सुधारणा पुष्कळ झाल्या, पण मूळ गोष्ट तीच आहे. या बॅटरीला उष्णता सोसत नाही. साधारण दहा अंश उष्णता वाढली की आतली झीज दुपटीने वाढते, असा ठोकताळा आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा बेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, भुसावळचे ऊन तर प्रसिद्धच आहे. बॉनेटखाली त्याहून जास्त. तेव्हा थंड गावातली बॅटरी जेवढी टिकेल, तेवढी खानदेशात टिकेल असे धरून चालू नये. ज्या बॅटरीत पाणी घालता येते तिच्यात उन्हाळ्यात पाण्याची पातळी पाहावी, आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे नव्हे.

तिसरा रोग, तोटी उघडी राहणे. मोटार बंद करून किल्ली काढली तरी सगळे बंद होत नाही. घड्याळ चालते, कुलपाचा अलार्म जागा असतो, इंजिनाचा संगणक थोडीशी वीज घेतो. हे टिपूस-टिपूस गळणे रीतसर आहे. लहान मोटारीत ते वीस-तीस मिलिअँपियर असते. पन्नासपर्यंत असले तरी काळजीचे कारण नाही. पण याहून जास्त वीज उभ्या मोटारीत जात असेल, तर कुठेतरी तोटी उघडी आहे असे समजावे.

काकांनी मला कागदावर हिशेब मांडून दाखवला. आमची बॅटरी पस्तीस अँपियर-तासांची. म्हणजे एक अँपियर वीज घेतली तर ती पस्तीस तास पुरेल. पंचवीस मिलिअँपियर गेले तर दिवसाला जेमतेम 0.6 अँपियर-तास खर्च होतात, आणि निम्मी बॅटरी संपायला महिना लागतो. पण पाच वॅटचा एक लहानसा दिवा चालू राहिला, तर पाच भागिले बारा, म्हणजे 0.42 अँपियर. चोवीस तासांत दहा. दोन दिवसांत वीस. निम्म्याहून जास्त बॅटरी गेली, आणि सेल्फ मारायला जोर उरला नाही! देवघरात लावतो तेवढा दिवा, पण दोन रात्रींत मोटार आडवी पाडतो.

याच हिशेबाने मला 2020 सालची एक गोष्ट कळली. 25 मार्चला टाळेबंदी सुरू झाली आणि मोटारी दोन-दोन महिने जागच्या हलल्या नाहीत. टाळेबंदी उठल्यावर कित्येकांच्या मोटारी सुरूच होईनात. त्या मोटारींत दोष नव्हता. रीतसर टिपूस-टिपूस गळतीच साठत गेली होती, आणि वर उन्हाळा होता.

मी काकांना म्हटले, "मग मीटर लावा आणि सांगा कोण पीत आहे ते." ते म्हणाले, "लावू. पण तुमची मोटार कधी उतरते, कधी उतरत नाही. रोग अंगात असेल तेव्हाच ताप दिसायचा. आधी तीन आठवडे लिहून ठेवा. मोटार कधी वापरली, कधी बंद पडली, मोटारीत त्या वेळी काय-काय होते, सगळे लिहा. मनाने काही ठरवू नका."

दुधाचा हिशेब मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिते. त्याच चौकोनात मोटारीचे लिहू लागले. सुरू झाली की 'सु', बंद पडली की 'बं'. दवाखाना, बाजार, मिस्त्री, डिकीतली चाकाची खुर्ची, सगळ्यांना एकेक अक्षर. बॅटरी उतरली की काका आपला चार्जर आणून भरून देत.

महिनाअखेर दुधाचा हिशेब करायला बसले आणि 'बं'ची घरे एकामागून एक पाहू लागले. पाच वेळा मोटार बंद पडली होती. त्या प्रत्येक वेळी आदले दोन दिवस डिकीत खुर्ची होती. बाजारासाठी खुर्ची काढून ठेवली त्या आठवड्यांत एकही 'बं' नाही. मिस्त्रीकडे दोनदा नेले ते मागचे दिवस आठवून पाहिले, तर दोन्ही वेळा, त्याच्या गॅरेजात खुर्ची कशाला, म्हणून आम्ही ती घरी ठेवली होती. म्हणून त्याला रोग दिसला नाही. त्याची काही चूक नव्हती.

पण याहून एक मोठी गोष्ट त्या कागदावर होती, आणि ती पाहून माझ्या पोटात धस्स झाले. आखाजीपासून तो मुलगा आमच्या दारात आलाच नव्हता. किल्ली माझ्या कपाटात होती. आणि तरीही पाच वेळा बॅटरी उतरली होती.

दुसऱ्या दिवशी काका मीटर घेऊन आले. काय केले ते क्रमाने सांगते, कारण हे ऐकून कुणाच्या घरचा खर्च वाचला तर बरेच होईल.

खुर्ची नेहमीसारखी डिकीत ठेवली. सगळी दारे बंद केली, बॉनेट मात्र उघडे. मोटार बंद करून अर्धा तास तशीच राहू दिली, कारण हल्लीच्या मोटारीतले संगणक लगेच झोपत नाहीत. लहान मुलांसारखे थोडे चुळबुळतात, मग निजतात. लगेच मोजले तर मीटर उगाच मोठा आकडा दाखवतो.

मग काकांनी मला बांगड्या काढायला लावल्या. अंगठीसुद्धा. मंगळसूत्र पदराच्या आत घ्यायला सांगितले. भगिनींनो, ही गोष्ट विसरू नका. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातूची वस्तू आली तर ती क्षणात लाल होते आणि हात भाजतो. बॅटरी भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळ उदबत्तीसुद्धा नको. आम्ल सुती साडीवर उडाले तर धुतल्यावर तिथे भोक पडते. पातळ जुने असेल ते नेसावे.

दहा नंबरच्या पान्याने आधी वजा टोकाची काळी तार सोडवली. नेहमी वजा टोक आधी सोडायचे आणि जोडताना शेवटी जोडायचे. कारण मोटारीचे सगळे अंग वजा टोकाला जोडलेले असते. अधिक टोक सोडवताना पाना पत्र्याला लागला आणि वजा टोक जोडलेलेच असले, तर ठिणगी उडते.

सोडवलेली तार आणि बॅटरीचे टोक यांच्या मध्ये मीटर जोडला, म्हणजे जाणारी सगळी वीज मीटरमधून जाईल. मीटरची तार दहा अँपियरच्या भोकात घालायची, नाही तर आतला फ्यूज उडतो. मीटर असा लावलेला असताना किल्ली फिरवायची नाही. तार सोडली-जोडली की मोटारीतले संगणक पुन्हा जागे होतात, म्हणून आणखी थोडा वेळ थांबलो.

मीटरवर आकडा आला 0.45. काका म्हणाले, "ताप आहे."

नंतर ते फ्यूज बॉक्सजवळ बसले. घरात जसे एकेका खोलीचे बटण असते, तसा मोटारीत एकेका कामाला एक फ्यूज असतो, आणि झाकणावर कुठला कशाचा ते छापलेले असते. त्यांनी एक फ्यूज उपटायचा, मी मीटर वाचायचा. "फरक नाही." तो परत बसवायचा, दुसरा उपटायचा. "फरक नाही." असे सहा झाले. सातवा काढला आणि मीटर एकदम 0.02 वर आला. मी ओरडलेच.

ह्यांनी झाकणावर वाचले. तो फ्यूज रेडिओ आणि आतल्या दिव्यांचा होता. हे म्हणाले, "बघ, रेडिओच निघाला!" माझे काळीज हलले. पण काका शांतपणे म्हणाले, "या फ्यूजवर तीन जण जेवतात. रेडिओ, छताचा दिवा आणि डिकीचा दिवा. तिघांना वेगवेगळे विचारू." त्यांनी फ्यूज परत बसवला आणि रेडिओची मागची तार सोडवली. मीटर 0.45 च. रेडिओ निर्दोष. छताचा दिवा तर काचेतून विझलेला दिसतच होता. राहिली डिकी.

डिकीचे झाकण बंद झाल्यावर आतला दिवा विझतो की नाही, हे बाहेरून कसे कळणार? मला एक गोष्ट सुचली. मी माझा मोबाइल चित्रण सुरू करून डिकीत ठेवला आणि झाकण लावले. मिनिटभराने काढून पाहिले. आत लख्ख उजेड! खुर्चीचे चाक, सतरंजीची कड, सगळे स्पष्ट दिसत होते.

मग कारण सापडायला वेळ लागला नाही. डिकीचे कुलूप दोन टप्प्यांत लागते. खट्, आणि मग पुन्हा खट्. पहिल्या टप्प्यावर झाकण लागल्यासारखे दिसते, उघडत नाही, पण दिवा विझवणारे बटण दुसऱ्या टप्प्यावर दबते. आमच्या डिकीत खुर्ची असली की तिचे चाक झाकणाला आतून टेकत होते आणि दुसरा खट् होतच नव्हता. खुर्ची तर आधीपासून होती, मग फाल्गुनातच असे काय झाले? तर माघात मी रस्त्याने खुर्ची खडखडू नये म्हणून तिच्याखाली गोधडी दुहेरी घडी करून अंथरली होती. तेवढ्या दोन बोटांनी खुर्ची वर आली.

गोधडी माझ्या हातची, घडी माझ्या हातची. बॅटरी पिणारी मीच!

गोधडी काढली, खुर्ची आडवी ठेवली, झाकण लावले. दोन्ही खट् ऐकू आले. मीटर 0.02. त्या दिवसापासून मोटार एकदाही अडली नाही. मात्र त्या नव्या बॅटरीचे आयुष्य कमी झालेच असेल. बॅटरी पुन्हा पुन्हा पूर्ण रिकामी केली की आतल्या जाळ्यांवर कठीण थर बसतो आणि तो सगळा निघत नाही.

माझी बहीण धुळ्याला देवपुरात असते. तिला मी हे फोनवर सांगितले. ती म्हणाली, "आमचीही मोटार अशीच करते, माझीही डिकीच असणार." मीटर लावून पाहिले तर गळती 0.03, म्हणजे रीतसर. डायनामोही चांगला. बॅटरी रात्रभर भरून, तारा सोडून नुसती ठेवली, तरी चार दिवसांत तिचा व्होल्ट पार खाली आला. म्हणजे तिच्याकडे रांजणच पाझरत होता. पाच उन्हाळे काढलेली बॅटरी होती, ती बदलल्यावर काम झाले. हे मुद्दाम सांगते. माझ्याकडे डिकी निघाली म्हणून तुमच्याकडे डिकीच निघेल असे नाही. कुणाकडे बॅटरीला थेट जोडलेला जी.पी.एस. असतो, कुणाकडे रात्रंदिवस चालणारा पुढचा कॅमेरा असतो, कुणाकडे बाहेरून बसवलेला मोठा रेडिओ असतो. एका शेजारणीला काचेवरच्या फास्टॅगचा संशय होता. तो मात्र निर्दोष आहे, त्याला मोटारीच्या बॅटरीची तारच नसते. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवरच तो काम करतो.

मीटर काही शे रुपयांना मिळतो. एवढे आकडे ध्यानात ठेवा. मोटार रात्रभर उभी असल्यावर सकाळी बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, बाराच्या खाली म्हणजे रिकामी. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर तारा सोडून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवावी. आणि मीटरही नसला तर रात्री अंधारात मोटारीभोवती एक फेरी मारावी आणि प्रत्येक झाकण पुन्हा एकदा नीट दाबावे. याला काही खर्च नाही.

काका सांगत होते की, पूर्वी मोटारीला सेल्फ नव्हता. पुढे हँडल घालून हाताने फिरवावे लागे, आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. अमेरिकेत केटरिंग नावाच्या माणसाने विजेचा सेल्फ बनवला आणि 1912 मध्ये तो कॅडिलॅक मोटारींना बसवून मिळू लागला. ताकदीचे काम उरले नाही, तेव्हा बायकांनाही मोटार चालवणे सोपे झाले. हे ऐकल्यापासून मोटार चालवायला शिकावे असे माझ्या मनाने घेतले आहे. पुढच्या वर्षी त्यावर बोलेन.

आता ती राहिलेली गोष्ट. ज्या संध्याकाळी डिकीचा दिवा सापडला, त्याच संध्याकाळी आम्ही दोघे त्या मुलाच्या घरी गेलो. वाटेत हे म्हणाले, "त्याला पुन्हा कामावर बोलावू, चार पैसे वाढवून देऊ, म्हणजे झाले." मी म्हटले, "तसे होत नाही. चार माणसांदेखत बोललो, तर चार माणसांदेखतच परत घेतले पाहिजे." त्याची आई दारातच होती. मी तिला सगळे सांगितले, गोधडीसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या दिवशी तो जेवला नव्हता. पुढे दोन घरांनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली." एवढेच. तिने आम्हाला चहा दिला. तो मला गोड लागला नाही.

त्या दोन घरी मी स्वतः जाऊन आले. मुलगा आता पुन्हा मोटारी पुसतो, आमचीही पुसतो. किल्ली त्याच्याकडेच असते. त्याची आई आज या सभेत बसली आहे. तिला विचारून, तिची परवानगी घेऊनच मी हे बोलत आहे. आपण तिघी-चौघी जमलो की कुणाच्या घरी काय हरवले, कुणाचा संशय कुणावर, हे बोलतोच. मीही बोलते. पण आता तसे बोलणे निघाले की मला तो मीटर आठवतो. एकेक फ्यूज काढून, प्रत्येकाला वेगवेगळे विचारून, काकांनी रेडिओलासुद्धा पुराव्याशिवाय दोष दिला नाही. माणसाला मी तेवढाही न्याय दिला नव्हता.

सासूबाईंना आम्ही आषाढात धुळ्याला नेऊन आणले. आखाजी नव्हती, पण भाऊ होता. बिबडे त्यांनी तळायला लावले आणि स्वतः भावाच्या ताटात वाढले. परत येताना डिकी मी लावली. दोन्ही खट् मोजले, आणि मगच मोटारीत बसले.